'येतो' म्हटल्यावर टाळ्या

कराडहून निघालेली आमची एसटी कळंबोलीला पोचली तेव्हा शनिवारचे दुपारचे चार वाजले होते, आणि नवी मुंबईचं पहिलं दर्शन झालं ते लोखंडाचं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रेलर उभे, त्यांवर सळ्या, गर्डर, पत्र्याची भलीमोठी भेंडोळी. ट्रकच्या सावलीत स्टोव्ह पेटवून ड्रायव्हर मंडळी भात शिजवत होती. आमच्या ह्यांनी पिशवी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "एवढं लोखंड! आणि आपल्या गेटला कडी बसवायला लोहार सहा महिने तारखा देतोय." प्रवासात हे असंच बोलतात. आयुष्य पाटबंधारे खात्यात फायली लावण्यात गेलं, त्यामुळे घराबाहेर पडलं की ह्यांना प्रत्येक गोष्टीचं नवल वाटतं आणि मला ते ऐकून घ्यावं लागतं.

खरं तर आम्ही शहर बघायला आलोच नव्हतो. आमची अनुजा नेरूळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. आठ दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. "आई, मला तुमच्याशी बोलायचंय. फोनवर नको. तुम्ही दोघं या." काय बोलायचंय ते काही केल्या सांगेना. मुलगा बघितला असेल, असं ह्यांचं म्हणणं. मला आपलं तब्येतीचं वाटत होतं. वाट बघण्यापेक्षा जाऊन यावं म्हणून दोन दिवसांसाठी निघालो.

कळंबोलीहून रिक्षाने सीवूड्स गाठलं. नवी मुंबईत गावांना 'नोड' (आखून बांधलेल्या वसाहतीचा एकेक तुकडा) म्हणतात हे रिक्षावाल्याकडून कळलं. अनुजा एका सोसायटीत मैत्रिणीबरोबर राहते. मैत्रीण गावाला गेलेली होती. आम्ही पोचलो आणि तासाभरात पोरगी ड्यूटीला निघाली. पोळ्या करून ठेवल्या होत्या, पाण्याची बाटली भरून ठेवली होती. चपला घालता घालता म्हणाली, "सकाळी येईन, झोपेन. मला एकला उठवा. मग दुपारभर आपण तिघंच. तेव्हा बोलू."

आमची परतीची गाडी रविवारी संध्याकाळी सातची होती. म्हणजे बोलायला एक दुपार. पुरेशी होती.

संध्याकाळी आम्ही खाडीकडे चालत गेलो. भरतीचं पाणी आत येणाऱ्या सखल जमिनीला इथले जुने लोक 'खाजण' म्हणतात. ओहोटीनंतर ते काळं चकचकीत पडलेलं, पलीकडे खारफुटीची हिरवी रांग, आणि त्या चिखलात शेकडो रोहित पक्षी माना घालून उभे. मागे वीस-वीस मजल्यांचे टॉवर, पुढे हे पक्षी. मला ते दृश्य फार आवडलं. ह्यांना डास चावले. म्हणून मग आम्ही स्टेशनाला लागून असलेल्या मॉलमध्ये शिरलो. तिथे गारवा होता, बसायला बाक होते, आणि दारातच एक स्कूटर फुलांनी सजवून ठेवली होती. शेजारी टाय लावलेला एक पोरगा. "काका, कूपन भरा ना, फ्री हाय. लकी ड्रॉ." ह्यांनी चष्मा लावला आणि सरकारी अर्ज भरावा तसं ठळक अक्षरांत नाव, वय, मोबाईल नंबर, वैवाहिक स्थिती, सगळं भरून दिलं. खाली सहीसुद्धा केली. सहीला जागा नव्हती तरी.

रविवारी सकाळी अनुजा साडेआठला आली, दोन घास खाऊन झोपली. नऊ वाजता ह्यांचा फोन वाजला.

"सर, काँग्रॅच्युलेशन्स! तुमचं कूपन सिलेक्ट झालंय. महाबळेश्वरला तीन दिवस, दोन रात्री, एकदम फ्री. फक्त येऊन गिफ्ट कलेक्ट करायचं. नव्वद मिनिटांचा छोटासा प्रोग्रॅम हाय. पण सर, मॅडमना आणायचं हां. हसबंड-वाइफ दोघं पाहिजेत."

"महाबळेश्वर आमच्या अंगणातच आहे की," मी म्हटलं. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. ह्या माणसाला जन्मात कधी काही बक्षीस लागलेलं नाही. "अनुजाला देऊ की ते," हे हळूच म्हणाले. "पोरगी कधी कुठे फिरलेली नाही. अकराला जाऊ, साडेबाराला सुटू, एकला तिला उठवायला हजर." नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. झोपलेल्या मुलीच्या उशाशी चिठ्ठी ठेवली आणि सत्यनारायणाला बसायचं असल्यासारखे आम्ही जोडीनं निघालो.

सानपाड्याच्या बाजूला एका हॉटेलच्या तळघरात हॉल होता. खिडकी एकही नाही. गोल टेबलं, प्रत्येक टेबलाला चार खुर्च्या, रंगीत फुगे, आणि कानठळ्या बसतील इतकं संगीत. प्रत्येक टेबलावर एक नवरा-बायको आणि समोर एक काळा कोट. आमच्या वाट्याला श्वेता नावाची मुलगी आली. अनुजाच्याच वयाची, डोळ्यांखाली तशीच काळी वर्तुळं. आल्याआल्या म्हणाली, "काकी, फोनची बॅटरी किती हाय? द्या, चार्जिंगला लावते." केवढी ती माया! आम्ही दोघांनीही फोन काढून दिले.

मग चहा आला, गार समोसा आला आणि प्रश्न सुरू झाले. तुम्ही शेवटचं फिरायला कधी गेला होता? कुठे राहिला होता? मुलीबरोबर शेवटची ट्रिप कधी केली? ह्या शेवटच्या प्रश्नाला आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. ट्रिप अशी केलेलीच नव्हती. देवदर्शनं झाली, लग्नकार्यं झाली. श्वेताने ते लगेच कागदावर लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "बघा काका, फॅमिलीसाठी टाइमच नाही काढला तुम्ही. आमच्या परिवारात या. एकदा पैसे भरले की दरवर्षी सात दिवस आमच्या रिसॉर्टमध्ये, कुठेपण. पंचवीस वर्षं. तुमच्यानंतर मुलीलापण."

पंचवीस वर्षांनी मी नव्वदीच्या उंबरठ्यावर असेन, हे मी मनात मोजलं. पडद्यावर बर्फात खेळणारी कुटुंबं सरकत होती. साडेबारा वाजून गेले. मी घड्याळाकडे बघितलं की श्वेता म्हणायची, "काकी, टेन्शन नका घेऊ, पाच मिनिटं," आणि एक नवीन वही उघडायची. मग तिचे साहेब आले. त्यांनी किंमत सांगितली, स्वतःच खोडली, दुसरी सांगितली, तीही खोडली आणि "फक्त आजच्या दिवसासाठी" म्हणून तिसरी लिहिली. भाजीबाजारात घासाघीस गिऱ्हाईक करतं. इथे गिऱ्हाईक गप्प बसलेलं आणि दुकानदारच स्वतःशी भांडत होता. आणि महाबळेश्वरचं बक्षीस फक्त विवाहित जोडप्यांसाठी आहे, मुलीला देता येणार नाही, हेही त्याच ओघात कळलं.

दोन वाजले तेव्हा मात्र ह्यांनी मनाचा हिय्या केला. उठले, शर्ट खाली ओढला, हात जोडले.

"मग काका, येताय ना आमच्या परिवारात?" श्वेताने विचारलं.

"बरं मग, येतो आम्ही," हे म्हणाले.

श्वेताने टुणकन उडी मारली. कोणीतरी घंटा वाजवली, कोणीतरी फुगा फोडला, माईकवरून ह्यांचं आडनाव पुकारलं गेलं आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. साहेबांनी येऊन ह्यांना मिठी मारली. हे हात जोडलेल्या अवस्थेतच उभे.

आपल्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. तोंडातून निघालंच तर म्हातारी माणसं टोकतात, 'जातो नाही रे, येतो म्हण.' हे साठीच्या पुढचे गृहस्थ त्या तळघरातही तेच पाळत होते. श्वेताला ते कळलं नाही, की कळलं असून तिने कळून घेतलं नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. तिची आईसुद्धा घरी 'येते'च म्हणत असणार.

आणि खरी पंचाईत त्यानंतर झाली. एवढ्या टाळ्या घेतल्यावर 'मी तसं म्हणालोच नाही' असं कसं म्हणायचं? हे पुन्हा खाली बसले. फॉर्म आला. हे म्हणाले, "बघू, विचार करून कळवतो." आपल्या भाषेत ह्याचा अर्थ नको असाच होतो, पण त्या टेबलावर त्याचा अर्थ किंमत कमी करा असा होत होता. चौथा आकडा लिहिला गेला. मला राग यायला हवा होता, पण रागसुद्धा दमला होता. समोर श्वेताने टेबलाखाली टाचांच्या चपला काढून ठेवल्या होत्या आणि एका पायाने दुसरा पाय चोळत होती. हलक्या आवाजात म्हणाली, "काकी, सकाळपासून माझं एकपण नाही झालं. सर ओरडतील." परक्याच्या मुलीला असं टाकून उठायचं मला जिवावर आलं. माझी स्वतःची मुलगी तिकडे उठून बसली असेल, हे कळत होतं, तरी मी बसून राहिले. ह्याची लाज वाटते म्हणूनच लिहिते आहे.

साडेचार वाजले असतील. शेजारच्या टेबलावर जासईचं एक आगरी जोडपं होतं. त्यातल्या बाई आमच्यानंतर आल्या होत्या, आणि आता पिशवी खांद्याला लावून निघाल्यासुद्धा. त्यांच्या काळ्या कोटाला त्यांनी ठणकावून सांगितलेलं सगळ्या हॉलने ऐकलं होतं. "आमचा घर जासईला हाय, समुद्र आमच्या दारात हाय. आमाला नको हाय, बास!" जाताजाता त्या माझ्यापाशी थांबल्या.

"ताई, किती येल झाला बसल्याव?"

"अकरापासून," मी म्हटलं.

"अगो बाय! आनि घरी कोन हाय?"

"मुलगी वाट बघतेय."

त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्याने मला उठवलं. मी फॉर्म उलटा ठेवला, ह्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हटलं, "आम्हाला नको आहे. आम्ही जातो."

हे दचकले. "अगं, येतो म्हण."

"जातो," मी पुन्हा म्हटलं. "इथे परत यायचं नाही."

श्वेता मान खाली घालून कागद गोळा करू लागली. साहेब एकदम थंड झाले, गिफ्ट काउंटर बंद झालाय म्हणाले. फोन मागितले तर पंधरा मिनिटं सापडेनात. सापडले तेव्हा माझ्या फोनवर अनुजाचे सात कॉल होते आणि ह्यांच्या फोनवर पाच. चार्जिंग मात्र पूर्ण झालेलं होतं.

घरी पोचलो तेव्हा साडेपाच होत आले होते. तीन ताटं वाढून झाकून ठेवलेली होती. आम्ही भात गारच खाल्ला, पिशव्या भरल्या. अनुजा रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. "कळंबोलीपर्यंत येते सोडायला," एवढंच म्हणाली.

बोलणं झालं ते कळंबोलीला, पुलाखाली, एसटीची वाट बघत उभं राहून. ट्रेलरचे हॉर्न वाजत होते, त्यामुळे तिला मोठ्याने बोलावं लागत होतं.

"बाबा, मस्कतला हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळालीय. तीन वर्षांचा करार. तिकडे रविवारी ऑफिस चालू असतं, चारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. तुम्हाला विचारून कळवणार होते."

"मग?" ह्यांनी विचारलं.

"वाट बघितली. पावणेचारला 'हो' कळवून टाकलं."

मी तिची ओढणी सारखी केली. ती म्हणाली, "खरं सांगू आई? तुम्ही नको म्हणाल याची भीती वाटत होती. आणि म्हणावं, असंपण वाटत होतं." तेवढ्यात गाडी लागली. कंडक्टर घाई करत होता. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आम्ही चढलो.

खालापूर मागे पडलं. घाट सुरू झाला तेव्हा ह्यांनी विचारलं, "दुपारी आपण घरी असतो तर तू काय म्हणाली असतीस?"

"नको म्हणाले असते."

"मीही," हे म्हणाले. थोड्या वेळाने खिडकीकडे तोंड करून पुढे म्हणाले, "मग बरं झालं म्हणायचं का?"

ह्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. अनुजा आता मस्कतला आहे, बरी आहे, व्हिडिओ कॉलवर हसते, आणि तरीही मला ते देता येत नाही. प्रवासाहून परतलं की लोक विचारतात, नवी मुंबई कशी आहे? रस्ते रुंद आहेत, खाडीत रोहित पक्षी येतात, असं मी सांगते. मुलीने तिचं आयुष्य आमच्यापुढे ठेवायला एक दुपार राखून ठेवली होती, आणि ती आम्ही एका परक्या टेबलापाशी संकोचाने घालवली, हे सांगत नाही.