नकाशावरची वस्ती

आमच्या शाळेतले भूगोलाचे सर पृथ्वीला हाताखालच्या शिपायासारखं वागवतात. फळ्याच्या जागी मोठा डिजिटल पडदा आल्यापासून तर ते बोटानं हिमालय असा ओढतात, की शेजारच्या वर्गात मराठी शिकवताना माझी खुर्ची हलते. "ये हितं, लई लांब बसलायस!" हे हिमालयाला.

एकदा त्यांनी प्रत्येकाला पडद्यावर आपलं गाव शोधायला लावलं. वसतिगृहातल्या एका मुलीची जेऊरजवळची वस्ती काही सापडेना. तिथं नुसतं हिरवं रान. "सर, ही तर हायच न्हाय की!" मागून एक जण ओरडला. पोरं खिदळली. पोरगी रडकुंडीला आली. सरांनी वस्तीचं नाव वहीत लिहून घेतलं.

रविवारी ते रेल्वेनं जेऊरला गेले आणि वस्तीवर उभं राहून मोबाइलवरून नकाशात तिचं नाव टाकून आले. पुढं ते नाव पडद्यावर उमटलं, तेव्हा सोबतच्या फोटोत निम्मी म्हैस होती आणि निम्मा सरांचा अंगठा. मुलगी मात्र अशी ताठ बसली, की मागच्या बाकाला पडदाच दिसेना.

आता सरांचं जग तिथूनच सुरू होतं. परवा एकानं विचारलं, "सर, एव्हरेस्ट कुटं?"

"वस्तीवरून ईशान्येला. वाटेत इचारत जा की!"