समुद्रघोड्याचं डोहाळजेवण

समुद्र वाट चुकून कधी हिंगोली जिल्ह्यात आलाच, तर तो दुसरीकडे कुठे न जाता सरळ आखाडा बाळापूरला, आमच्या नणंदबाईंच्या दारात येऊन उभा राहील याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आमच्या घरासमोरच त्यांचं घर. गावातल्याच शाळेत त्या लहान मुलांना शिकवतात. मासळीचा वासही घरात चालत नाही. पण लग्नानंतर यजमानांबरोबर एकदा कोकणात गेल्या, ओहोटीच्या वेळी पदर खोचून खडकांत शिरल्या, आणि ज्या लग्नासाठी गेल्या होत्या तिथल्या पंगती उठल्या तरी बाहेर आल्या नाहीत. तेव्हापासून हे वेड आहे.

त्यांना माणसं दिसतच नाहीत, समुद्रातले प्राणी दिसतात. आमच्या भाडेकरूनं मोठ्या खोलीत बिऱ्हाड हलवलं, तर म्हणाल्या, "शंखखेकडा आहे तो, वहिनी. अंग वाढलं की जुना शंख सोडून मोठा शोधायचाच." माझ्या नवऱ्याला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या भावाला, त्या लाडानं जेलीफिश म्हणतात. मेंदू नाही, हाडं नाहीत, तरी तरंगतोय बिचारा. वारंगा फाट्यावर जीपवाला माणसं कोंबायला लागला, की त्या आत बसल्या बसल्या सगळ्यांना कालवं खडकाला कशी चिकटून राहतात ते समजावतात आणि माणसं खरंच सरकून बसतात. एकदा शाळेत साहेब तपासणीला आले, तर सगळा वर्ग प्रार्थनेला आडवा-आडवा चालत बाहेर आला. त्या आठवड्यात खेकडा चालू होता. साहेबांनी कारण विचारलं, कारण ऐकलं आणि जाताना त्यांचाही पाय जरा तिरकाच पडला, असं मुलं अजून शपथेवर सांगतात.

इतक्या बोलक्या बाईंची वाचा एकाच ठिकाणी बसायची, ती म्हणजे कोणाच्याही डोहाळजेवणात. त्यांना मूलबाळ नाही. ओटी भरायची वेळ झाली, की कोणीतरी अगदी गोड आवाजात म्हणायचं, "ताई, तेवढं कढीकडं बघता का?" आणि त्या मुकाट्यानं आत जायच्या. मला भयंकर राग यायचा. एकदा तसंच कढी ढवळताना मला म्हणाल्या, "वहिनी, मला एकदा तरी कोणाची ओटी भरायचीय बघा." एवढंच बोलल्या, आणि कढी ढवळत राहिल्या.

यंदा वर्गात समुद्रघोड्याची पाळी आली. मादी अंडी घालते ती नराच्या पोटावरच्या पिशवीत आणि पिल्लं तोच जन्माला घालतो, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की दुसऱ्या दिवशी एका मुलीची आजी शेळ्या कुंपणाला बांधून थेट वर्गात शिरली. "बाई, लेकरायला काय शिकवून राहिल्या तुमी? बाप्याच्या पोटी लेकरं?"

नणंदबाईंनी पुस्तकातलं चित्र तिच्यापुढे धरलं. आजीनं ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. "व्हय की. पोट तर बराबर दिसून राहिलं," ती म्हणाली. "मंग याचं डोहाळजेवण काहून न्हाई केलं?"

दुसऱ्या कोणी हे हसण्यावारी नेलं असतं. नणंदबाईंनी येत्या शुक्रवारी शाळेतच ते करायचं ठरवून टाकलं.

मुलांनी शेतातली काळी माती आणली आणि दुधी भोपळ्याएवढा समुद्रघोडा केला. शेपटी उभी राहीना, तेव्हा ज्वारीच्या धांड्याला गुंडाळली. नणंदबाई म्हणाल्या, समुद्रातही तो अशीच गवताला शेपटी गुंडाळून उभा राहतो. मग त्याला हिरवं खणाचं कापड, फुलांचे दागिने. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला म्हणून आल्या आणि गाणी म्हणायला बसल्या. पेढा का बर्फी, हे ओळखायला दोन वाट्या झाकून ठेवल्या, तर मुलं ओरडली, "शेकड्यानं लेकरं होतेत त्याला, दोन्ही द्या!" दोन्ही दिल्या, आणि लगेच मुलांनीच खाल्ल्या.

मग कोणीतरी म्हणालं, "चला, ओटी भरा." आणि काय सांगू, सगळा थाट ज्यांनी मांडला, त्या आमच्या नणंदबाई सवयीनं उठल्या आणि शाळेच्या खिचडीच्या पातेल्याकडे निघाल्या.

"ओ बाई, तिकडं काहून जाऊन राहिल्या?" शेळ्यांवाली आजी ओरडली. "पहिली ओटी माहेरची असते. या बाप्याच्या माहेराला वळखणारं तुमच्याबिगर हाय कोण इथं?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पण रीत म्हणजे रीत, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. एकीनं तांदळाचं सूप पुढे केलं. नणंदबाईंनी हळदकुंकू लावलं, ओंजळ भरली. ती इतकी शिगोशीग, की निम्मे तांदूळ समुद्रघोड्याच्या डोक्यावर पडले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र रडू लपवायला खिचडीकडे वळले.

गेल्या आठवड्यात आमच्या त्याच भाडेकरूच्या बायकोचं डोहाळजेवण होतं. ती स्वतः येऊन नणंदबाईंना म्हणाली, "ताई, ओटी भरायला लवकर या." मला वाटलं, आता शंखखेकड्यावर व्याख्यान होणार. पण ती गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं, सगळ्या साड्या पलंगावर काढल्या आणि एखाद्या नव्या नवरीसारख्या गोंधळून मला विचारू लागल्या, "वहिनी, हिरवी नेसू का जांभळी?"