सहा नंबरची खाट

भूकंपानंतर लातुरात डोक्यावर स्लॅब घ्यायला कोणी धजत नव्हतं, तेव्हा मारोती गवंड्यानं स्वतःच्या घरावर पत्रे टाकले. आता त्याच पत्र्यांखाली पुढच्या दोन खोल्यांत क्लासच्या पाच पोरी राहत, आणि मागच्या खोलीत अर्ध्या अंगावरून वारं गेलेला मारोती. पोरींच्या भाड्यातून सिंधूचा पगार निघायचा. त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, ते सिंधू करायची. त्याच्या बायकोच्या, धुरपताबाईच्या सत्तरीच्या हातांना तो गडी एकटीनं हलत नव्हता.

त्या दुपारी घरपट्टीच्या मोजणीला महापालिकेनं नेमलेल्या एजन्सीचा व्यंकट आला. भाड्याच्या जागेला पट्टी जास्त, म्हणून तो खिडक्यांतून खाटाच मोजत फिरला.

"सहा खाटा. सगळं घर भाड्यानं."

"पाच, साहेब. पाचाची लिवा, मी भरते. सहावीवर मालक हाय माजा."

"मावशे, सर्व्हेच्या दिवशी घरोघरी एक मालक आजारी पडतोय बघा! अन् मागच्या त्या खाटेवर सहा नंबर टाकलाय की. नवऱ्याला नंबर टाकतं का कुणी?"

पोरी खाटांवरून भांडायच्या, म्हणून नंबर धुरपताबाईनंच रंगवलेले. मारोती पडल्यावर उंच खाट पाहिजे म्हणून सहावी मागं ओढली. रंग खरवडायचा राहून गेला.

"समदं घर भाड्यात धरलं तर सिंधूला कुठून देऊ? ह्यास्नी कोण उचलंल?"

"ते फॉर्मात न्हाई."

तिनं मागचं दार सताड उघडलं. सिंधू नुकतीच भरलेली चादर काढत होती. वासाचा भपकारा अंगणात आला.

"या की आत! एका अंगानं तुमी धरा. भाडेकरूच हाय ना? इचारा त्याला, किती भाडं देतो!"

मारोती एका डोळ्यानं बघत होता. व्यंकटचा रुमाल नाकावर गेला. उंबरा काही त्यानं ओलांडला नाही.

"राहू द्या, राहू द्या. पाच लिहितो."

"बघून लिवा."

"दिसलं, मावशे."

"काय दिसलं? नाकासंगं डोळेबी झाकले तुमी."

सहीला पेन त्यानं लांबूनच तिच्यापुढं धरला. तिनं सही केल्यावर तो परत घेतला नाही. कागद तेवढा ओढून निघाला.

"काकू, काम झालं की!" सिंधू खुशीत.

"झालं. माज्या तोंडाला खोटं म्हणला, अन् ह्यांच्या गुवाला खरं."

तो पेन तिनं चिमटीत धरून मोरीत टाकला. साबणानं दोनदा हात धुतले, आणि मगच नवऱ्याची कूस धरली.