दाजींनी मागितलेली माफी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पोटापाण्यासाठी फुटबॉल खेळतात. एवढं सांगितलं की समोरचा खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "कुठल्या क्लबकडून?" इथे आमची पंचाईत होते. उत्तर देईपर्यंत ते बदललेलं असतं. कुठल्यातरी क्लबचा चांगला फॉरवर्ड जायबंदी झाला की त्यांना दाजी आठवतात, आणि तो लंगडायचा थांबला की दाजींचा विसर पडतो.

प्रत्येक नव्या क्लबात दाजी गळ्यात त्यांचा मफलर घालून फोटो काढतात आणि पत्रकारांना सांगतात, "लहानपणापासून याच क्लबकडून खेळायचं स्वप्न होतं." एकदा ताईने विचारलं, "अहो, तुमचं बालपण नक्की किती मोठं होतं?" दाजी हसले नाहीत. ते मनापासूनच बोलत असतात, हीच तर अडचण.

माझा मालवाहू टेंपो आहे, त्यामुळे या स्वप्नांचं सामान वाहायला मीच. कपाटाचा एक पाय कुठल्याशा जिन्यात राहिला, आता तिथे वीट असते. ताईचे पडदे एका घरात आखूड पडतात, तर पुढच्या घरात जमिनीवर लोळतात. भाचीने तर वर्गातल्या मुलींची नावं पाठ करणंच सोडून दिलं. "कशाला मामा? परत नव्या येतात," म्हणाली. त्या दिवशी मला दाजींचा भयंकर राग आला होता.

फुटबॉलवाल्यांचा एक शिष्टाचार असतो. आपल्या जुन्या क्लबविरुद्ध गोल केला तर नाचायचं नाही. दोन्ही हात वर करून तिथल्या प्रेक्षकांची माफी मागायची. ज्यांच्या जाण्याने लोक ढसाढसा रडले, त्या बड्या खेळाडूंना ते शोभतं. दाजी गेले तेव्हा कोण रडलं होतं? एका जुन्या क्लबच्या दारवानाने तर त्यांनाच तिकीट मागितलं. पण दाजी हा नियम डोळ्यात तेल घालून पाळतात. आणि समोरचा क्लब बहुतेक वेळा जुनाच निघत असल्यामुळे दाजींचा गोल म्हणजे शोकसभा असते. गोल मुळात क्वचित होतात, तेवढंच बरं.

या वेळच्या गावात मात्र ताईने पाय रोवले. कोपऱ्यावरच्या गाळ्यात शिवणकामाचं दुकान टाकलं, ते चालायला लागलं. भाचीला मैत्रीण मिळाली. ताईने दाजींना समोर बसवून सांगितलं, "करार वाढला तर एकत्र राहू. नाही वाढला तर तुम्ही जा. मी आता खोकी बांधणार नाही." दाजी मान डोलावून बूट पुसत बसले.

क्लबचा मालक सिमेंटचे पाइप बनवायचा, म्हणून त्याला सगळे पाइपवाला म्हणत. मोसमाचा शेवटचा सामना हरलो किंवा बरोबरीत सुटला तर क्लब खालच्या गटात ढकलला जाणार होता. पाइपवाल्याने दाजींच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, "वाचवा आम्हाला. तुमचा करार वाढलाच म्हणून समजा." ताई दुकानाला कुलूप लावून सामन्याला आली, भाचीलाही आणलं. ताई सहसा सामना बघायला येत नाही.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. तेव्हा दाजींना बाकावरून उठवलं. थोड्याच वेळात डावीकडून चेंडू आला, दाजींच्या गुडघ्याला लागला आणि आत गेला. नेम धरला असता तर नक्की बाहेर गेला असता. मी उडी मारली, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. सगळं स्टेडियम नाचत होतं.

फक्त दाजी नाचत नव्हते. अंगावर धावून आलेल्या सोबत्यांना त्यांनी बाजूला सारलं आणि मान खाली घालून, दोन्ही हात वर करून ते समोरच्या क्लबच्या हिरव्या शर्टवाल्या प्रेक्षकांकडे चालत गेले. तिथे छातीवर हात ठेवून उभे राहिले. ती बिचारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने ओरडून विचारलं, "कोण रे हा?"

आमच्या बाजूचा जल्लोष विरला आणि हुर्यो सुरू झाली. पाइपवाला लालबुंद झाला होता. "आपण वाचलो म्हणून हा माफी मागतोय?"

"आपण या समोरच्या क्लबात कधी नव्हतोच," ताई मला म्हणाली.

"काय?"

"आपण होतो ते हिरवे शर्टवाले दुसरे. त्या गावात स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. सगळं सामान मी बांधलंय, मला नाही कळणार?"

सामना जिंकला, क्लब वाचला. करार मात्र वाढला नाही. "आमचं वाचणं ज्याला लाजिरवाणं वाटतं त्याला मी पोसू?" असं पाइपवाला चारचौघांत म्हणाला. मी दाजींना खोदून विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हिरवे शर्ट दिसले आणि हात आपोआप वर गेले. गोल झाल्यावर दुसरं काय करायचं असतं, ते आठवेचना."

लवकरच दाजींना नवा क्लब मिळाला. मफलर, फोटो, बालपणीचं स्वप्न, सगळं रीतसर झालं. निघायच्या दिवशी मी नेहमीसारखा टेंपो घेऊन गेलो. दारात एक बॅग आणि बुटांची पिशवी होती.

"बाकीचं सामान?" दाजींनी विचारलं.

"बाकीचं इथलंच आहे," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. हातात कुणाचातरी अर्धा शिवलेला सदरा होता.

इतकी वर्षं मी या माणसाची टर उडवली, त्या दिवशी मात्र त्यांच्यासाठी टेंपोचं दार उघडून धरलं. बॅग मीच मागे ठेवली. दाजी टेंपोत बसले तशी भाची खिडकीशी आली, टाचा उंचावून आत डोकावली.

"बाबा, परत कधी येशील आमच्याकडे?"