हद्दीच्या दगडाखालचा कोळसा

अनसिंगच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो तेव्हाची गोष्ट. वाशीमच्या वाचनालयात एका जुन्या मासिकात मला एक लेख सापडला. कुणा जर्मन विद्वानाचं म्हणणं त्यात दिलं होतं. पृथ्वीवरचे सगळे खंड एके काळी एकाला एक चिकटून होते, मग ते फुटले आणि सरकत सरकत आजच्या जागी आले. आपला हिंदुस्थानसुद्धा दक्षिणेकडून आला म्हणे. मी लेख उतरवून घेतला आणि सोमवारी वर्गावर जाऊन अक्कल पाजळली. पुस्तकात नसलेलं शिकवायची मला खोडच होती.

उन्हाळ्याचे दिवस, शाळा सकाळची. अख्खा वर्ग मी शेजारच्या वावरात नेला. आमच्या काळ्या जमिनीला तेव्हा पाय जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. एका भेगेशी उभं राहून म्हटलं, हा काठ आफ्रिका, हा दक्षिण अमेरिका, आता दोन्ही काठ एकमेकांत बसतात की नाही बघा. पोरं वाकून बघू लागली. त्यांना पटलं.

मग एकानं विचारलं, "पन मास्तर, ढकलून कोन राह्यलं?"

मी सांगितलं, पृथ्वीच्या पोटात उष्णता आहे. चुलीवर आंबील रटरटते तेव्हा वरचा पापुद्रा मधून कडेला सरकतो, तसं काही असावं असं कुणी कुणी मानतात. नक्की मला माहीत नाही, पण सरकतात हे खरं आहे, असंही म्हटलं. याच प्रश्नावर बाकीच्या विद्वानांनी त्या जर्मन माणसाला हसण्यावारी नेलं होतं. त्यांचं म्हणणं, काठ जुळतात, दोन्हीकडच्या खडकांत एकाच जनावराची हाडं सापडतात, ते सगळं असेल. पण ढकलतं कोण ते सांग, नाहीतर गप्प बस. मला त्या विद्वानांचा भारी संताप आला. डोळ्यांनी दिसतं ते मानायला यांच्या बापाचं काय जातं, असं मी पोरांपुढे बोलून गेलो.

त्याच आठवड्यात रविवारी मी गावाकडे आमच्या मळ्यात गेलो.

माझं म्हणावं असं तेव्हा एका दादाशिवाय कुणी उरलं नव्हतं. आईवडील गेले होते. बायको लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेली, मूलबाळ नाही. आम्ही जातीचे माळी. वडिलांनी हयातीतच उतरणीवरच्या मळ्याची वाटणी केली. वरचा अर्धा दादाला, खालचा मला. दादा आणि वहिनी वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर लावून बाजार करायचे. माझा तुकडा मी मजुराकडून करून घ्यायचो. मधला दगड वडिलांनी आमच्या डोळ्यांसमोर पुरला होता. मुरूम लागेपर्यंत खड्डा, तळाशी कोळसा, वर माती आणि त्या मातीत दगड, अशी आमच्याकडची रीत. कोळसा कुजत नाही, त्यामुळे दगड कुणी हलवला तरी कोळसा साक्ष देतो.

त्या रविवारी मला दगड माझ्या बाजूला आल्यासारखा वाटला. दादाला हाक मारली.

तो म्हणाला, "हो, सरकला खरा. मी बी पाह्यला."

"आपोआप सरकला?"

"मंग काय. मी हात नाई लावला."

"दगडाले काय पाय फुटले? ढकललं कोनं?"

"ते मले नाई सांगता येत," दादा म्हणाला. "पन सरकते."

मी पंच बोलावले. सख्ख्या भावावर पंच बोलावले, एक वीतभर जमिनीसाठी. दगडाच्या खाली खणलं, काही नाही. वर दादाच्या बाजूला एक वीत सरकून खणलं, तिथे मुरमावर कोळसा निघाला. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी चोर म्हणालं नाही, तशी गरजच राहिली नव्हती. दगड पुन्हा कोळशावर आणून रोवला. दादा बाजूला उभा होता. त्यानं एक शब्द काढला नाही, आणि मी त्याचं न बोलणं कबुलीत धरलं.

तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं. सणावाराला वहिनी पुरणपोळी पाठवायची, ती मी आल्या वाटेनं परत पाठवायचो. एवढा ताठा कुठून आणला होता कोण जाणे. शाळा सुटली की खोलीवर यायचं, स्वतःची भाकर स्वतः थापायची, पुस्तक घेऊन बसायचं. कधी कधी दिवसभरात वर्गाबाहेर एकही शब्द तोंडातून निघत नसे. दादाची आठवण यायची, नाही असं नाही. पण दरसाल दिवाळीच्या सुट्टीत मी मळ्यात जाऊन दगड बघायचो. तो तसूभरही हललेला नसायचा. मनात म्हणायचो, बघा, पंचांचा धाक बसला. आठ वर्षं मी हेच म्हणत होतो.

नवव्या वर्षी दादा गेला. निरोप आला तेव्हा मी वर्गात होतो. पोचलो, अंगणातूनच खांदा दिला आणि परत आलो. त्याच्याशी बोलायचं राहिलं, हे स्मशानातून परतताना कळलं. तेव्हा कळून काय उपयोग.

दादामागे वरचा तुकडा पडीकच राहिला. तीन पावसाळे गेले, मी तिकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवाळीत मी जुन्या सवयीनं दगड बघायला गेलो, तर तो चार बोटं माझ्याकडे आलेला. थोडा कललाही होता. आजूबाजूला दाट गवत, माणसाचं पाऊल पडल्याची खूण नाही. मजुराकडून खणून घेतलं. कोळसा होता तिथेच होता, मुरमावर. वरची काळी माती पावसात फुगते, उन्हात आटते आणि उतरणीनं इंचाइंचानं खाली येते. सोबत दगड येतो. मी तिथेच बांधावर बसलो.

मग वहिनीकडे गेलो. बारा वर्षांनी त्या ओसरीवर चढलो. विचारलं, दादा होता तोवर दगड कसा हलला नाही?

वहिनी सूप बाजूला ठेवून म्हणाली, "हलत होता ना, भाऊजी. दरसाली पाऊस सरला का ते लोखंडी सबल घेऊन जात होते. बोट-दोन बोटं वर घेत होते, आपल्याच वावरात. मी दगड धरत होती, ते माती ठोकत होते. भावाले पुन्हा तसं दिसलं तं मले पुन्हा चोर समजंन, म्हनत होते."

"मले सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं होतं त्यायनं. पयल्याच दिवशी."

म्हणजे दादानं दगड हलवला होता खरा. आठ वेळा, आणि प्रत्येक वेळी माझ्या बाजूनं.

पुढे शाळेत खंडांचा धडा आला की मी पोरांना वावरात नेत असे. दरसाल कुणीतरी विचारायचंच, मास्तर, ढकलते कोन? मी सांगायचो, मला माहीत नाही, पण सरकते हे खरं आहे. एवढंच वाक्य त्या रविवारी दादाला हवं होतं. माझ्या तोंडून ते आठवडाभर आधी परक्या माणसासाठी निघालं होतं.