सिनेमा येईपर्यंतच्या दुपारी

आमच्या लाडक्या रहस्यकादंबरीवर सिनेमा येतोय ही बातमी मला शेजारच्या अक्कांनी दिली, तीही परसातल्या भिंतीपलीकडून ओरडून. उन्हाळ्यामुळं मी शिकवते ती शाळा सकाळची होती. मी नुकतीच घरी येऊन तोंडावर पाणी मारत होते.

"अगं, ऐकलंस का? आपल्या खुनाचा पिक्चर काढलाय म्हणं!"

पलीकडच्या गल्लीतल्या कुणी ऐकलं असतं तर पोलीसच आले असते. मी तशीच ओल्या तोंडानं त्यांच्याकडे गेले. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी जाहिरातीचा तुकडा पाठवला होता. धुकं, बंगल्याचा जिना, जिन्यावरून खाली येणारे बुटातले पाय. आम्ही तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला. ते पाय कुणाचे असतील यावर आमचं एकमत होईना.

अक्का सत्तरीच्या. आम्ही शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहतो, त्यांच्या घरी तेलुगू बोलतात. नवरा होता तोवर घरामागच्या शेडमध्ये टॉवेलचे माग चालायचे. तो गेला, माग विकले, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि त्या मोठ्या घरात अक्का एकट्या उरल्या. त्यांचं शिक्षण तेलुगू शाळेत चौथीपर्यंतच. मराठी वाचायला त्या शिकल्या त्या या कादंबरीवर. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा माझ्या ट्रंकेत ती होती. त्यांनी सहज मागितली, ओळीखाली बोट धरून कित्येक महिने वाचली, आणि परत देताना म्हणाल्या, "मला शेवटपर्यंत कळलं न्हाय की गं!" तेव्हापासून आमचं जमलं. मराठी शिकवणं हा माझा धंदा, पण त्या पुस्तकावर माझ्याशी अक्कांइतकं भांडलेलं दुसरं कुणी नाही.

खुनी कोण ते मी इथं सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्यात एका घरात एकटी राहणारी बाई आहे. तिच्या घरात कुणीतरी येऊन जातं, काही चोरत नाही, फक्त वस्तू किंचित हललेल्या असतात. तिचं म्हणणं कुणाला पटत नाही. ते प्रकरण अक्का नेहमी दाराला कडी घालून वाचायच्या.

सिनेमा लागायच्या आत पुस्तक पुन्हा एकदा वाचून काढायचं ठरलं. रोज दुपारी जेवणं उरकली की मी त्यांच्याकडे जायची. खिडक्यांना ओले पडदे, कोपऱ्यात कूलरची घरघर, आणि मी मोठ्यानं वाचतेय. आमच्या वाचनालयातल्या मंडळींचा मोबाइलवर एक ग्रुप होता, तिथंही दुसरा विषय नव्हता. डिटेक्टिव्हचं काम करणारा नट फार तरुण आहे, असं एकाचं म्हणणं. कुणी तिकिटांची चौकशी करत होतं. मग एका संध्याकाळी कुणीतरी लिहिलं की सिनेमात शेवट बदललाय, खुनी दुसराच दाखवलाय. अक्कांना ते लागलं. "खुनी कसा बदलंल?" त्या म्हणाल्या. "मग आपण इतकी वर्षं कुणाला भ्यायलो?"

आम्ही हसलो. हसण्याचे दिवस तिथंच संपले.

एका गुरुवारी मी गेले तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं आणि अक्का सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. दर गुरुवारी दुपारी त्या देवळात बायकांच्या भजनाला जात, तिथूनच आल्या होत्या.

"कोणतरी येऊन गेलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मी आधी हसलेच. त्या हसल्या नाहीत. उठून त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. मागची खिडकी, जी माग विकल्यापासून कधी उघडली नव्हती, तिची कडी निघालेली होती. लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढं आलं होतं. कपाट उघडून बघितलं, दागिन्यांचा डबा जागच्या जागी. पैसे तसेच. देवघरातली चांदीची समईसुद्धा तशीच. एखादी वस्तू गेली असती तर मला बरं वाटलं असतं. चोराची भीती माणसाला समजते. काहीच न नेता घरभर फिरून जाणाऱ्याचं काय करायचं?

"तुम्हीच कधी उघडली असेल," मी म्हटलं.

"मी? ती कडी मला वळत न्हाय, बोटं दुखतात."

रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुमी दोघी ते पुस्तक बंद करा आधी. रोज खून वाचताय, दुसरं काय होणार?" अक्कांनी मुलाला फोन केला. त्याचंही तेच. "अम्मा, तो सिनेमा येतोय ना, म्हणून तुला तसं वाटतंय. एकटी राहतेस, डोक्यात काहीतरी येतं. म्हणून म्हणतो पुण्याला चल." तो चांगलं बोलला, काळजीनं बोलला. 

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. या वेळी शेडचा दिवा चालू राहिला होता आणि घरापासून शेडपर्यंत गुटख्याचा वास होता. तो मलाही आला. अक्कांच्या घरात सुपारीसुद्धा कुणी खात नाही. उन्हानं बाहेर सगळी गल्ली ओस पडलेली, कुत्रीसुद्धा गटारीच्या सावलीला गेलेली, आणि त्या रिकाम्या शेडमध्ये तो वास.  भर दुपारी माणूस इतका घाबरू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

कुलूप बघितलं. ओरखडासुद्धा नव्हता. कादंबरीतला डिटेक्टिव्ह घरात कोण आलं असं विचारतच नाही, दार फोडायची गरज कुणाला नव्हती ते आधी बघतो. आम्ही ते इतक्यांदा वाचलं होतं, की माझ्या तोंडून सहज गेलं, "अक्का, तुमच्या घराच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

"एक माझ्याकडं. एक पुण्याला, पोराकडं." त्या थांबल्या. "आणि एक तुझ्याकडं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या अजून लक्षात आहे. क्षणभरच होती, पण त्या क्षणी मी त्यांना परकी होते. नळाला पाणी यायचा दिवस असला आणि त्या घरी नसल्या तर मीच त्यांच्याकडे जाऊन टाकी भरायची, म्हणून ती किल्ली माझ्याकडे होती. आणि आमच्या कादंबरीत ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास असतो त्याचं काय होतं, ते आम्हा दोघींना पाठ होतं.

त्यानंतर दोन दिवस भिंतीपलीकडून हाक आली नाही. मीही गेले नाही. शाळेत वर्गावर असताना मधेच वाटायचं, अक्कांनी हे गल्लीत कुणाला बोलून दाखवलं तर? मी काय सांगणार? किल्ली तर माझ्याकडे आहेच. मी खरंच काही केलंय की काय, असं मला वाटायला लागलं.

मग त्या स्वतः आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी येईनात.

"माझ्या मनात वाईट आलं गं तुझ्याबद्दल," त्या म्हणाल्या. "देवळात पण मन लागंना. आणि तू नसशील, तर मग माझं डोकंच फिरलंय. खरं सांग, फिरलंय का माझं? माझ्या सासूचं फिरलं होतं. तिला पण घरात माणसं दिसायची."

तेव्हा मला कळलं की त्यांची खरी भीती चोराची नव्हतीच. मी त्यांना हाताला धरून आत आणलं. "वास मला पण आला होता," मी म्हटलं. "दोघींचं डोकं एकदम कसं फिरेल?"

येत्या गुरुवारी काय करायचं ते आम्ही तिथंच ठरवलं. अक्कांनी नेहमीसारखं घराला कुलूप लावायचं, टाळ घेऊन निघायचं, आणि कोपऱ्यावरून वळून माझ्याकडे यायचं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं परस आणि मागची खोली दिसते. त्या दिवशी मी शाळेतून आले ती जेवलेच नाही. नवरा कामावर होता. आम्ही दोघी खिडकीची एक झडप किलकिली करून ओट्याला टेकून उभ्या राहिलो. मोबाइल माझ्या हातात होता, पोलिसांचा नंबर काढून ठेवलेला. अक्कांचे ओठ हलत होते, बहुतेक देवाचं नाव. वेळ जाता जाईना. कुणी येऊ नये असं मला वाटत होतं, आणि कुणीच आलं नाही तर अक्कांचं काय होईल याचीही धास्ती होती.

मग त्यांच्या पुढच्या दाराचा आवाज आला. कुलूप सरळ उघडलं, आपल्या घरात शिरावं तसं. पावलं वाजली, एकाची नव्हे, बऱ्याच जणांची. मागच्या खिडकीची कडी निघाली. अक्कांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. खिडकी उघडली आणि एका पुरुषाचा आवाज आला, "उजेड बघा की कसा येतोय. कपाट सरकवून भिंत बघा, ओल न्हाय कुठं. मागं शेड हाय, पार्किंग होतंय, न्हायतर पाडून दोन खोल्या काढा."

मला काही उमजेना. मग त्या माणसाच्या मोबाइलच्या स्पीकरवरून दुसरा आवाज ऐकू आला, तेलुगूत. "अम्मा भजनकु पोयिंदी. त्वरगा चूपिंचंडी."

एवढं तेलुगू मला इतक्या वर्षांत कळायला लागलंय. आई भजनाला गेलीय, लवकर दाखवून घ्या. आवाजही मी ओळखला. अक्कांच्या मुलाचा; तो शाळेत असताना त्याला मी निबंध लिहून दिलेत.

माझं मनगट सुटलं. अक्कांचा चेहरा मी बघू शकले नाही. त्या माझ्या घराबाहेर पडल्या, रस्त्यावरून फिरून आपल्या पुढच्या दाराशी गेल्या, आणि मी त्यांच्या मागोमाग. आत एक एजंट होता, गालात गुटखा धरलेला, आणि एक तरुण जोडपं. वैरागकडचे होते, शहरात घर बघत होते. घराची मालकीण अशी टाळ हातात घेऊन समोर उभी राहिलेली बघून ती मुलगी पांढरीफटक पडली.

"बसा," अक्का त्यांना म्हणाल्या. "उन्हाचं आलाय. पाणी देते."

"आम्हाला सांगितलं, तुम्हाला माहिती आहे म्हणून," ती मुलगी म्हणाली.

"न्हाय गं बाई. मलाच तेवढं माहिती नव्हतं."

त्यांनी खरंच पाणी दिलं. मग एजंटापुढं हात केला, त्यानं त्यावर किल्ली ठेवली. फोन अजून चालू होता. अक्कांनी तो घेतला आणि तेलुगूत एवढंच म्हणाल्या, की रविवारी ये.

तो आला. मला अक्कांनी थांबवून घेतलं, मी अवघडून दाराजवळ बसले. तो म्हणाला, घर विकायचं ठरलं नव्हतं, नुसती किंमत काढत होतो. तू नाहीच म्हणशील म्हणून आधी विचारलं नाही. मग म्हणाला, "तू एकटी असतेस, मला रोज भीती वाटते अम्मा. काकूंना विचार, मी किती फोन करतो."

"भीती तुला वाटत होती," अक्का म्हणाल्या, "आणि दिलीस मला. चोर आला असता तरी मी सोसलं असतं. मी तुला सांगितलं, कोणतरी येतंय. तुला माहिती होतं कोण येतंय. तरी तू म्हणालास, तुझ्या डोक्यात आहे."

 यावर मला त्याची बाजू घेववेना, जरी त्याची काळजी खोटी नव्हती हे मला माहीत होतं. घर विकायचं नाही आणि अक्का पुण्याला जाणार नाहीत, एवढं त्या दिवशी ठरलं. कुलूप बदललं. नव्या कुलपाची एक किल्ली त्यांनी मला दिली. मुलाला दिली नाही. मी पुढं एकदा सुचवून बघितलं, तर म्हणाल्या, "देईन की. अजून न्हाय."

सिनेमा लागला तेव्हा अक्का यायला तयार नव्हत्या. ग्रुपमधल्या सगळ्यांनी तिकिटं काढली होती, त्यांचंही काढलं होतं. शेवटी आल्या. दुपारचा खेळ, थिएटर अर्धंअधिक भरलेलं. डिटेक्टिव्ह आला तेव्हा आमच्या मंडळींनी शिट्ट्यासुद्धा मारल्या. मग ती एकटी बाई आली, तिच्या घरातली खिडकी, तिचं म्हणणं हसण्यावारी नेणारी माणसं. अक्कांनी पदर तोंडाशी धरला. मी कानात विचारलं, "बाहेर जायचं का?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. बघायचं होतं त्यांना. शेवट खरंच बदलला होता, आणि ते बरोबर की चूक यावरून बाहेर आल्यावर सगळे हातवारे करून भांडत होते. एरवी अक्का सगळ्यात पुढं असत्या. आज त्या थेट रिक्षाकडे वळल्या. रिक्षात मी विचारलं, "आवडला का?"

"त्या बाईचं काम चांगलं केलंय," त्या म्हणाल्या. "पण खरी बाई इतकी ओरडत न्हाय."

आम्ही गल्लीत उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. पलीकडच्या कारखान्यातले माग चालू होते. अक्कांनी कुलूप काढलं, दार ढकललं, आणि बाजूला झाल्या.

"तू आधी जा," त्या म्हणाल्या.

मी आत गेले. एकेका खोलीतला दिवा लावला, मागची खिडकी बघितली, कपाटामागं बघितलं, शेडचं दार उघडून आत डोकावले. कुणी नव्हतं. असणारच नव्हतं. तरी त्या शेडचं दार मी घाईघाईनं ओढून घेतलं. मी बाहेर येऊन "या," म्हटलं, तेव्हा अक्का उंबरा ओलांडून आत आल्या.

आता कुठूनही परतलो की आधी मीच आत जाते.