फॉर्ममध्ये नसलेला रकाना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. त्यात सांगण्यासारखं आहे काय — असं स्वतःलाच बजावत आले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझ्या नावावर एक पेटंट आहे. मुंगवडीचं पीठ फेटणारं यंत्र. हसू नका. अमरावतीच्या एका कॉलेजात मी फूड टेक्नॉलॉजी शिकवते, आणि आमच्या वऱ्हाडात मुंगवडी हा गमतीचा विषय नाही. भिजवलेली मुगाची डाळ वाटायची, हातानं फेटून फेटून हलकी करायची, मग गच्चीवर कापड अंथरून वड्या घालायच्या. फेटण्यात कसूर राहिली की वाळल्यावर नुसते गोटे. तासभर रश्शात उकळा, दात लागायचा नाही. बचत गटाच्या बायकांचे खांदे यात कामातून जातात. म्हणून यंत्र.

दोन वर्षं माझं यंत्र गोटेच देत होतं. मोटर बदलली, वेग बदलला, पातं बदललं — गोटे. शिवाय मी एक ऐटबाज भानगड करून ठेवली होती. पिठावर प्रकाश टाकून त्यात हवा किती भरलीय ते मोजणारा सेन्सर. त्याचा मला केवढा अभिमान! तो सेन्सर रोज इमानेइतबारे सांगायचा की पीठ बिघडलंय.

रेखाताई आमच्या लॅबमध्ये अटेंडंट आहेत. मूळच्या परतवाड्याच्या, नोकरी कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. एका दुपारी भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "मॅडम, तुमची मशीन डाळीले फेटत नाही, मारून राहिली. हात असा एकाच अंगानं कुठं घुमते?" आणि पदर खोचून त्यांनी पातेल्यात हात घातला. मी बघत राहिले. हात कडेला पोचला की तळवा उलटा व्हायचा, तळाचं पीठ वर उचलायचा आणि माघारी फिरायचा. मग वाटीभर पाण्यात त्यांनी पिठाची एक गोळी सोडली. तरंगली. मला इतका आनंद झाला होता त्या क्षणी, काय सांगू! त्यांना मिठी मारायचीच तेवढी बाकी होती.

तसं उलटणारं पातं मी अकोल्याच्या एका वर्कशॉपमधून करून घेतलं. वड्या दोन उकळ्यांत शिजल्या. इथपर्यंत सगळं ठीक आहे. इथेच थांबावंसं वाटतंय — पण नाही.

पेटंटचा अर्ज भरायच्या आठवड्यात रेखाताई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. अकोल्यातल्या एका संस्थेत लॅब असिस्टंटची कायम जागा निघाली होती. मुलाखतीत विशेष कामाला वेगळे गुण होते. कधी काही न मागणारी बाई. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्यांनी विचारलं, "मॅडम, त्या कागदावर माह्यं नाव लागते का?"

आणि मी — जरासुद्धा न अडखळता — म्हणाले, "ताई, त्याला डिग्री लागते हो. फॉर्ममध्येच शिक्षणाचा रकाना आहे."

नाही. असा रकाना नाही. नाव, पत्ता, वय, राष्ट्रीयत्व, संपलं. ज्याला सुचलं त्याचं नाव, मग तो दहावी नापास का असेना. मला हे पाठ होतं. फॉर्म तर माझ्या टेबलावरच पडला होता, पालथा. तो आधीपासून पालथा होता, की त्यांना येताना बघून मी केला? बघून केला.

का केलं? बढती जवळ आली होती, हे खरं. पण दोन नावं असती तरी ती मिळालीच असती. खरं कारण त्याहून हलकं आहे. माझ्या लॅबमध्ये भांडी विसळणाऱ्या बाईचं नाव माझ्या नावाशेजारी मला नको होतं. बस, एवढंच.

"असं हाय का. मंग राहू द्या," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. अकोल्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

आता पुढची गंमत ऐका. पेटंट तपासणाऱ्यांनी माझा सेन्सर उडवून लावला. असं आधीच बऱ्याच जणांनी केलंय म्हणे. मंजूर झालं ते फक्त उलटणारं पातं. माझं होतं ते गेलं, त्यांचं होतं ते माझ्या नावावर लागलं. सुनावणीत कॅमेऱ्यासमोर विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हटलं, प्रयोगांतून. तेव्हापासून महिला दिन आला की मला भाषणाला बोलावतात, शाल देतात, नारळ देतात. आमच्या कॉलेजात कार्यक्रम असला की मागच्या रांगेत रेखाताई टाळ्या वाजवतात. मनापासून वाजवतात हो! मला तेव्हा स्वतःची लाज वाटते. वाटते, आणि मी भाषण पूर्ण करते.

माझं खोटं त्यांनी घरीही नेलं. मुलगी पल्लवी तेव्हा आठवीत होती. तिनं अभ्यासाचा कंटाळा केला की तिला ऐकवायच्या, "शिक वं बाई. डिग्री नव्हती म्हणून माह्यं नाव नाही लागलं." हे मला पल्लवीनंच सांगितलं, हसत हसत, आमच्याच कॉलेजात इंजिनिअरिंगला आली तेव्हा. यंदा ती शेवटच्या वर्षाला आहे. कॉम्प्युटरची तापलेली चिप गार ठेवणारी, आतून पाणी खेळवणारी काडेपेटीएवढी पट्टी तिनं केलीय. चांगली आहे. माझ्या सेन्सरपेक्षा कितीतरी चांगली. कॉलेजातलं पेटंटचं काम माझ्याकडे, त्यामुळे फॉर्मही मीच द्यायचा.

चार दिवस टाळाटाळ केली. परवा मोबाईलवर पाठवला. तासाभरात भरून परत आला. नाव, पत्ता, वय, राष्ट्रीयत्व. खाली एक प्रश्न होता: "मॅडम, शिक्षणाचा रकाना दिसत नाही. आई म्हणते असतो. कुठं लिहू?"

मी कितीदा तरी लिहिलं, पुसलं. शेवटी लिहिलं, "नसतो. तेव्हाही नव्हता." दोन निळ्या खुणा आल्या.

काल सकाळी मी लॅबमध्ये गेले. रेखाताई येऊन गेल्या होत्या. ओटा पुसलेला, सगळी भांडी विसळून पालथी घातलेली. यंत्राचं पातेलं तेवढं आदल्या दिवशीच्या वाळलेल्या पिठासकट तसंच ठेवलं होतं. ते मी विसळलं.